पांढऱ्या बाईचा कडा

थंड हवेच्या ठिकाणी माणसं हवा खायला जातात, बोटीत बसायला जातात, लग्न नवं असेल तर एकमेकांचे फोटो काढायला जातात. थोरली आणि तिची आई गेल्या त्या एका प्रश्नाचं उत्तर आणायला. प्रश्न साधा होता, आणि त्यानं घराची पार माती करून टाकली होती. धाकटीनं कड्यावरून उडी मारली, की तिचा पाय घसरला?

निमित्त झालं आईच्या डोळ्यांचं. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती किती टिकेल हे मी सांगू शकत नाही. आईला आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. दवाखान्यातून बाहेर पडता पडता पायरीवरच ती थोरलीला म्हणाली, की डोळे आहेत तोवर मला ती जागा बघायचीय. कुठली जागा, हे विचारायची गरज नव्हती.

थोरलीनं आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मामाला मध्ये घातलं. मामा म्हणजे वकिली न शिकलेला वकील. झाकली मूठ सव्वा लाखाची, जुनं उकरून काय हाती लागणार, तिथं जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्यानं बराच वेळ समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि त्याची पाठ वळल्यावर थोरलीला विचारलं, की गाडी सकाळची बरी की दुपारची. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

या मायलेकींची लाँड्री होती. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, वर कपडे वाळत घालायची गच्ची. आता नजर गेली तरी आई कापडाला नुसता हात लावून सांगायची, हे सुती, हे मिसळीचं, याला इस्त्री गरम लावू नको. धाकटीला मात्र या धंद्याचा तिटकारा होता. जन्मभर लोकांच्या विजारी सरळ करत बसणार नाही, असं ठणकावून ती डोंगरावरच्या त्या नावाजलेल्या जुन्या हॉटेलात नोकरीला गेली. गेली होती स्वागताच्या टेबलामागं उभी राहायला. मॅनेजरनं घरी काय करतात असं विचारलं, हिनं भाबडेपणानं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब चादरी पिळायला. घरी हसून हसून पुरेवाट झाली होती. फोनवर तीही हसली होती.

मग एक दिवस हॉटेलची दोन माणसं तिची बॅग घेऊन आली. म्हणाली, की तुमच्या मुलीची मनःस्थिती बरी नव्हती, तिनं कड्यावरून उडी मारली. पोलिसांनीही तेच लिहिलं. बाहेरच्या गाडीत ती होती, पण आईला चेहरा बघू दिला नाही. बघण्यासारखं नाही, म्हणाले. वडिलांनी त्या दिवशी मान खाली घातली ती वर काढलीच नाही, आणि तशीच मान घेऊन दोन वर्षांनी गेले. लोकांचं काय, लोकांना जीभ आहे आणि तिला हाड नाही. कोण म्हणालं, कुणीतरी फसवलं. कोण म्हणालं, दिवस गेले होते. थोरलीला बघायला दोन ठिकाणचे लोक येणार होते, ते आले नाहीत. नंतर कुणीच आलं नाही. ‘त्या’ घरची मुलगी, एवढंच पुरेसं असतं. थोरली दुकानात उभी राहिली ती राहिलीच, आणि आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

आईनं मात्र उडी कधी मानली नाही. तिचा पुरावा एकच होता. धाकटीनं आदल्या दिवशी फोन करून लोकरीचे पायमोजे पाठवायला सांगितले होते. ‘जिला पायमोजे हवेत ती मरायला निघालेली नसते,’ असं आई ज्याला त्याला ऐकवायची. गिऱ्हाइकाला सुद्धा. आधी लोक मान डोलवायचे, नंतर नंतर कपडे घेऊन घाईनं निघायचे.

आणि थोरलीला काय वाटायचं? तिला वाटायचं, मारली असेल उडी. हे तिनं आईला कधी सांगितलं नाही. तिला धाकटीचा राग यायचा. मेलेल्या माणसावर रागावू नये हे तिलाही कळत होतं, पण राग यायचा, आणि इस्त्री कपड्यावर जरा जास्तच जोरात दाबली जायची.

गाव म्हणाल तर बघण्यासारखं. जुन्या राजवटीतल्या साहेबलोकांनी खालच्या उकाड्याला कंटाळून ते वसवलेलं. उतरत्या छपरांचे बंगले, प्रत्येकाच्या फाटकावर कुणीतरी मोठा माणूस इथं राहून गेल्याची पाटी, चौकात बंद पडलेल्या घड्याळाचा मनोरा. हंगाम संपला होता. लोकरीच्या टोप्या विकणारे दुकानदार स्वतःच टोप्या घालून बसले होते, आणि भाड्याचे घोडे पाठीवर ओलं पोतं घेऊन धुक्यात उभे होते. मायलेकींनी जिथं खोली घेतली तिथल्या भिंतींना ओल आलेली. गादीचा अभ्रा हातात धरून आई म्हणाली, की हे नीट वाळवलेलं नाही.

हॉटेल गावाच्या वरच्या टोकाला. लांबलचक व्हरांडा, पांढरे खांब, पोस्टकार्डावर असतं तेच. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना आत सोडलं नाही. उतरलेल्या पाहुण्यांखेरीज कुणाला आत जाता येत नाही म्हणाला. कडा बघायचा असेल तर पॉइंट दाखवणारी गाडी असते, ती पलीकडच्या बाजूनं नेते, तिच्यात बसा. मरणाची जागा बघायला सहलीच्या गाडीत बसायचं! थोरलीच्या जिवावर आलं. आई म्हणाली, की बसू, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत एक नवीन जोडपं होतं, जांभळा स्वेटर घातलेली एक लठ्ठशी बाई आणि तिचा झोपाळू नवरा होता, आणि पुढच्या सीटवर वाट दाखवणारा माणूस. त्याच्या डोक्यावर नाविकासारखी टोपी, म्हणून सगळं गाव त्याला कॅप्टन म्हणायचं. समुद्र त्यानं जन्मात बघितला नव्हता, हे त्यानं स्वतःच सांगून पहिला हशा घेतला.

कॅप्टनची कामाची पद्धत ठरलेली. गाडी थांबली की गोष्ट. इथं साहेबाच्या बायकोनं आपलं कुत्रं पुरलं, आणि ते अजून अमावास्येला भुंकतं. इथं एक सरदार बसून रडला. गोष्ट नसेल तर पॉइंट म्हणजे नुसता खड्डा, लोक खड्डा बघायला कशाला येतील, असं त्याचं म्हणणं. बोलायचा मात्र झकास. जांभळ्या स्वेटरची बाई तर नवऱ्याला कोपरानं ढोसून ढोसून ऐकवत होती. आईही ऐकत होती. एकदा तर हसली. थोरलीला बरं वाटलं, की चला, निदान कुणाशी भांडत तरी नाही.

मग गाडी कड्यापाशी आली. लोखंडी कठडा, बाकं, आणि रंगवलेली पाटी. पाटीवर लिहिलं होतं, पांढऱ्या बाईचा कडा. पलीकडे, दरीच्या वळणावर, हॉटेलची मागची बाजू दिसत होती.

कॅप्टननं टोपी काढून छातीशी धरली. म्हणाला, की या हॉटेलात एक चाकर मुलगी होती, दिसायला चंद्राचा तुकडा. मोठ्या घरचा एक मुलगा उतरायला आला आणि दोघांचं जमलं. त्यानं वचन दिलं आणि तो निघून गेला. तिनं वाट बघितली, बघितली, आणि शेवटी एका सकाळी हॉटेलची पांढरीशुभ्र चादर नवरीसारखी अंगावर लपेटून इथून उडी मारली. खालच्या गावातल्या लोकांनी काहीतरी पांढरं पांढरं खाली येताना बघितलं. अजूनही धुकं असलं की ती दिसते. आज आहे धुकं, नीट बघा.

नवीन जोडप्यानं फोन वर केले.  थोरलीनं आईचा दंड धरला आणि तिला गाडीकडे वळवायला बघितलं, पण आई जागची हलेना. नळीतून दिसावं तशी तिनं नजर फिरवत फिरवत कॅप्टनवर आणली.

‘किती जुनी गोष्ट म्हणायची ही?’ तिनं विचारलं.

शंभरेक वर्षं तरी झाली असतील आजी, असं कॅप्टन म्हणाला.

‘एवढी नाही झाली,’ आई म्हणाली. ‘माझी मुलगी होती ती. हॉटेलच्या लाँड्रीत होती.’

 नवीन लग्नाच्या मुलीनं फोन हळूच पर्समध्ये टाकला. कॅप्टनची टोपी छातीवरच राहिली. वाईट माणूस नव्हता तो. त्याचा चेहरा एवढासा झाला. थोरलीला बाजूला घेऊन तो पुटपुटला, की ताई, आईशप्पथ, मी या कामात नवा होतो तेव्हा हॉटेलच्याच लोकांनी मला हे सांगितलं. म्हणजे उडी त्यांची, प्रेमप्रकरण माझं. थोरलीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. मग तोच म्हणाला, की तिच्याबरोबर कामाला असलेली एक बाई अजून लाँड्रीत आहे. मागच्या पायवाटेनं मी तुम्हाला नेतो, रखवालदाराला कळणार नाही.

आईनं ऐकलं होतं. ती निघालीसुद्धा.

हॉटेलच्या मागं, भटारखान्याच्या धुराड्याच्या पलीकडे, चादरी वाळत घालायचं पटांगण होतं. एकाशेजारी एक दोऱ्या, त्यांच्यावर ओल्या चादरी, आणि जिथं दोऱ्या संपत होत्या तिथं जमीनही संपत होती. उन्हाचा जो काय कवडसा त्या डोंगरावर पडतो तो इथंच पडतो, म्हणून वाळवण इथं. कडेला कठडा होता. चांगला छातीपर्यंत उंच, जाड गजांचा.

आईनं विचारलं, ‘काय काय आहे ते मला सांग.’

थोरलीनं सांगितलं. दोऱ्या सांगितल्या, चादरी सांगितल्या, कड्याचं अंतर सांगितलं. आपल्या गच्चीच्या निम्मंसुद्धा नाही, म्हणाली. कठड्याचं मात्र तिच्या तोंडून निघेना. एवढा उंच कठडा असताना कुणाचा पाय घसरत नाही. घसरूच शकत नाही. त्याच्यावर चढावं लागतं, मुद्दाम. इतकी वर्षं जे मनात होतं ते खरं ठरलं, आणि खरं ठरल्याचं तिला रडूच आलं. आई हात पुढे करून चालत गेली. हात गजांवर टेकले. तिनं ते गज वरपासून खालपर्यंत चाचपले, एक, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. तिचा चेहरा उतरत गेला. पायमोज्यांचा पुरावा या गजांपुढं टिकणार नव्हता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात चादरींमागून एक बाई आली. ही एवढी उंच, की चादर दोरीवर टाकायला तिला हात वर करावा लागत नव्हता. तिला सगळे शिडीमावशी म्हणायचे. कॅप्टननं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. शिडीमावशीनं हातातली बादली खाली ठेवली, ओले हात पोटाशी पुसले आणि सरळ आईसमोर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं माणूस एकदम बोलायला लागतं तशी ती बोलली.

म्हणाली, की हा कठडा तेव्हा नव्हता. हंगाम होता, खोल्या भरलेल्या, चादरी मावेनात, म्हणून मॅनेजरनं कठडा काढून दोऱ्या पार टोकापर्यंत ओढून घेतल्या होत्या. अपघात झाल्यावर पोलीस यायच्या आत त्यानं माणसं लावून गज परत रोवले. मग काय, कठडा असताना पोरगी पडली कशी? तर उडी मारली. आम्हाला सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, की घसरली म्हणाल तर लाँड्री बंद, तुम्ही सगळ्या घरी. ‘आम्ही गप्प बसलो हो,’ शिडीमावशी म्हणाली. ‘पोटापुढं गप्प बसलो. आता तो मॅनेजर मेला, मालक बदलले, माझे दात गेले. आता कुणाला भ्यायचं?’

‘म्हणजे उडी नाही,’ आई म्हणाली.

‘नाही. उडी नाही. मी इथंच होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं.’

आई थोरलीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरलीनं वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. मी म्हणत नव्हते? मी म्हणत नव्हते? असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि हसायलाच लागली, आणि डोळ्यांतून पाणी. थोरलीनं तिला मिठी मारली. दोघी त्या ओल्या चादरींमध्ये उभ्या राहून वेड्यासारख्या रडल्या. थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला. धाकटीनं काही केलं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, काही नव्हतं. आता घरी जाऊन एकेकाला सांगायचं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंडावर सांगायचं. मामाला पहिलं. धाकटीवरचा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी नुसती माया भरून आली, इतकी की ती कुठं ठेवावी हे तिला कळेना.

इथं शिडीमावशी थांबली असती तर! पण चांगल्या माणसांना कुठं थांबावं हे कळत नाही. मायलेकींना आनंद झालेला बघून तिला आणखी द्यावंसं वाटलं.

म्हणाली, की त्या दिवशी वारा डोंगराकडून दरीकडे सुटला होता. धाकटीनं टाकलेल्या चादरीचा चिमटा सुटला आणि चादर उडाली. आम्ही सगळ्या ओरडलो, जाऊ दे, जाऊ दे. कापड ते, एक गेलं तर गेलं. पण ती धावली. नेहमीच धावायची. आम्ही तिला हसायचो, अगं पडली तर परत धू, त्यात काय. तर म्हणायची, आमच्याकडे धुतलेला कपडा जमिनीला लागू देत नाहीत.

थोरलीला पुढचं कळलं. तिनं शिडीमावशीचा हात धरला, दाबला, डोळ्यांनी नको नको म्हणाली. पण शिडीमावशी आईकडे बघत होती.

‘आईनं शिकवलंय, म्हणायची. मोठ्या अभिमानानं सांगायची हो. तुमचं नाव काढलं तिनं. खाली गेलेल्या लोकांनी सांगितलं, चादर छातीशी घट्ट धरलेली होती.’

थोरलीच्या डोळ्यांपुढं गच्ची आली. वारा सुटला की खालून आईची हाक यायची, आणि दोघी बहिणी गच्चीभर धावायच्या. कपडा जमिनीला टेकायच्या आत झेलला तर शाबासकी. टेकला तर तो पुन्हा धुवायचा, गार पाण्यात, आणि पोटरीवर हँगरचा एक फटका. गिऱ्हाइकाचा कपडा म्हणजे आपली अब्रू, आधी कपडा मग बाकीचं, असं आई म्हणायची. एकदा धाकटी उशीचा अभ्रा झेलताना कठड्यावर आपटली आणि तिची हनुवटी फुटली. आई धावत वर आली. तिनं आधी धाकटीच्या हातातून अभ्रा घेतला, दोन्ही बाजूंनी उलटून बघितला, आणि मग हनुवटी बघितली. धाकटी तेव्हा रडत नव्हती. झेलला ना मी, असं म्हणत होती.

 आईचे हात पुन्हा कठड्याच्या गजांवर गेले होते.  वाऱ्यानं एक चादर तिच्या तोंडावर आली, ती तिनं बाजूलाही केली नाही.

‘मळली होती का?’ तिनं विचारलं.

शिडीमावशीला समजेना. कोण मळली होती?

‘चादर,’ आई म्हणाली. आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती एकदम खाली बसली, ओल्या जमिनीवर, आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. थोरली तिच्याजवळ बसली. तुझी काही चूक नाही आई, असं म्हणायचं होतं तिला. तिनं तोंड उघडलं, पण गच्चीवरचा तो अभ्रा मध्येच आला, आणि शब्द फुटले नाहीत. ती नुसती आईची पाठ चोळत राहिली. आई ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट बघत होती, त्या क्षणी आपल्याला एक खोटं बोलता येऊ नये, याची तिला स्वतःचीच चीड आली.

कॅप्टन जरा लांब उभा होता, पण सगळं त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं पुढे होऊन आईला उठवलं. शिडीमावशीला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. ती थोरलीला विचारत राहिली, की मी काही वावगं बोलले का. नाही मावशी, तुमचे उपकार झाले, असं थोरली म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

पायवाटेनं परत येताना आई एकदाही अडखळली नाही. तिला न दिसणाऱ्या दगडांवरून ती ताठ चालत आली. गाडीपाशी बाकीचे चहा पीत थांबले होते. आईला आपली खिडकीची जागा द्यायला जांभळ्या स्वेटरची बाई उठली, तिला शाल नीट करून दिली, आणि न राहवून विचारलंच, की काही कळलं का हो, काय झालं होतं ते?

‘कळलं ना,’ आई म्हणाली. ‘उडीच मारली तिनं.’

थोरली चमकून बघायला लागली. आईचा चेहरा सरळ समोर होता. तिचा हात मात्र थोरलीच्या मनगटावर होता, आणि पकड अशी की हाडाला लागत होती.

‘प्रेम होतं ना एका मुलावर,’ आई सांगत होती. ‘तो गेला निघून. पोरगी हळवी. आमचं कुणाचं ऐकणारी नव्हतीच ती लहानपणापासून. कुणाचंच ऐकायची नाही.’

जांभळ्या स्वेटरच्या बाईनं चुकचुक केलं. मग ती थोरलीकडे वळली, आणि अगदी कळवळ्यानं म्हणाली, की खरंच का हो? तुमचीच ना बहीण?

कॅप्टन पुढच्या सीटवरून मागं बघत होता. ड्रायव्हर चावी फिरवायची थांबला होता. थोरलीला मामा आठवला, गल्ली आठवली, न आलेले पाहुणे आठवले, वडिलांची खाली गेलेली मान आठवली. धाकटी आठवली. एक वाक्य, आणि धाकटी सुटली असती. मनगटावरची बोटं आणखी रुतली.

‘हो,’ थोरली म्हणाली. ‘उडीच मारली.’

आईची पकड सुटली. तिनं मान मागं टेकली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं तसेच मिटल्या डोळ्यांनी तिनं कॅप्टनला विचारलं, की तो मुलगा नंतर कधी आला होता का परत.

कॅप्टननं थोरलीकडे बघितलं. थोरली खिडकीबाहेर बघत होती.

‘आला होता ना आजी,’ कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. ‘फार रडला म्हणतात.’

‘सांगा की मग,’ आई म्हणाली. ‘पहिल्यापासून सांगा.’

कॅप्टननं टोपी डोक्यावर घातली, ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.